घोड्यासाठी घेतलेला पिकअप

घोडा आणायचा असेल तर आधी गाडी घ्यावी लागेल, हे ऑगस्टमध्ये आमच्या जेवणाच्या टेबलावर ठरलं. जानेवारी संपायच्या आत तो नागानोच्या डोंगरातल्या तबेल्यातून हलला नाही, तर त्याला मांसासाठी पाठवणार होते. तबेल्याच्या मालकीणबाईंनी हे माझ्या मुलीला फोनवर अगदी मऊ शब्दांत सांगितलं होतं. मुलीने फोन ठेवला आणि मला मराठीत सांगितलं, "आई, त्याला कापणार आहेत."

ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि घोडा तिच्याहून मोठा, बाविशीतला. दोघांची ओळख ती तिसरीत असतानाची. नवऱ्याच्या आयटीच्या कंत्राटावर आम्ही पुण्याहून जपानात, त्सुकुबाला आलो तेव्हा ती पाळण्यातून नुकती उतरली होती. शाळेत जायला लागल्यावर ती बोलेनाशी झाली. घरी मराठीत अखंड बडबड, शाळेत तोंडाला कुलूप. शिक्षिकेचे फोन यायचे. कुणीतरी सुचवलं म्हणून मी तिला रविवारी गावाबाहेरच्या घोडेस्वारीच्या क्लबात नेऊ लागले. तिथे मुलांनी लीद उचलायची, गवत घालायचं, खरारा करायचा आणि शेवटी थोडा वेळ घोड्यावर बसायचं. या घोड्याला खरारा करताना ती त्याच्याशी जपानीत बोलायची. मी कुंपणापलीकडून ऐकायचे. हळूहळू ती शाळेतही बोलू लागली. यात घोड्याचं श्रेय किती आणि वाढत्या वयाचं किती, हे मला माहीत नाही. तिला मात्र पक्कं माहीत होतं.

पुढे क्लब बंद पडला. घोडे विकले गेले. हा नागानोतल्या एका लॉजवाल्या जोडप्याने घेतला, पाहुण्यांना रानातून फिरवून आणायला. मुलगी दर उन्हाळ्यात तिथे बाइतो करायला, म्हणजे सुट्टीतल्या कामाला जायची. मग लॉजच्या मालकांना अर्धांगवायूचा झटका आला. मालकीणबाईंना नवरा आणि तबेला दोन्ही झेपेना. बाकीचे घोडे खपले. हा म्हातारा आणि पुढच्या डाव्या पायाने लंगडा. त्याला गिऱ्हाईक नव्हतं.

माझं काम असं की त्सुकुबातल्या एका संशोधन संस्थेत परदेशातून येणाऱ्या लोकांची घरं, विमे, मुलांच्या शाळा मी लावून देते. यादी केल्याशिवाय मी भाजीलाही जात नाही. त्यामुळे मुलीचं वाक्य ऐकून मी रडले नाही, कागद घेतला. घोडा राहणार कुठे, खाणार काय, त्याचा पाय कोण बघणार, तो येणार कसा.

राहायची सोय सर्वांत आधी झाली. आमच्या इमारतीमागे भाताची खाचरं आहेत. त्यांच्या कडेला एक म्हातारे शेतकरी राहतात. तरुणपणी ते जत्रेच्या मिरवणुकीसाठी घोडे पाळायचे. गोठा रिकामा होता आणि गोठ्याशेजारी घोडा वाहून न्यायचा दोनचाकी ट्रेलर ताडपत्रीखाली उभा होता. तो ओढायला मात्र त्यांच्याकडे काही नव्हतं. आदल्या वर्षी त्यांची गाडी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबल्यामुळे कोंबिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या पायरीवर चढली होती. त्यांच्या लेकीने धरून पोलिसांत नेलं आणि लायसन परत करायला लावलं. घोडा ठेवा म्हणाले, ट्रेलर न्या म्हणाले, आणि रोज तोक्योला नोकरीला जाणाऱ्या माझ्या नवऱ्याकडे बघून विचारलं, की हे तोक्योचे साहेब ओढणार का?

घोडे वाहून नेणाऱ्या कंपन्या जपानात आहेत. मी सगळ्यांना फोन केले. बर्फ पडायच्या आधीच्या तारखा सगळ्यांच्या भरलेल्या होत्या, आणि लंगड्या म्हाताऱ्या घोड्यासाठी बर्फाच्या दिवसांत त्या घाटात यायला कुणी तयार नव्हतं. एकाने एप्रिल सांगितला. शिवाय त्याचा पाय दर दोन-तीन महिन्यांनी दाखवायला न्यावा लागणार होता. तेव्हा ओढणारी गाडी आपलीच हवी, असं ठरलं. आमची छोटी गाडी तशीही म्हातारी झाली होती.

ट्रेलर आणि घोडा मिळून वजन दीड टनाच्या आसपास. घाटातून उतरताना ते मागून ढकलणार. मी तीन पर्याय काढले. पहिला, जुना अमेरिकन पिकअप. दिसायला हत्ती, पण पेट्रोल पिणारा आणि आमच्या गल्लीत वळणार नाही असा. दुसरा, वापरलेला दोन टनी मालट्रक. स्वस्त, दणकट, पण जुन्या डिझेल गाड्यांना धुरामुळे ज्या प्रांतांत बंदी आहे त्यातला एक नेमका आमच्या वाटेवर. तिसरा, थायलंडमध्ये बनलेला नवा डिझेल पिकअप, चार दारांचा, मागे उघडा हौदा, खाली ट्रकसारखी सांगाड्याची चासी. नवऱ्याला चौथा पर्याय आवडत होता. त्याच्या ऑफिसातल्या कुणाकडे एक गुळगुळीत हायब्रिड होती. मी म्हटलं, ती सुटकेस ओढेल.

पुण्याला माझे धाकटे दीर आहेत. त्यांचा चाकणला ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी त्यांच्यापुढे तिन्ही पर्याय मांडले. चासी, व्हीलबेस, टॉर्क, ब्रेक. ते ऐकत होते आणि मागून जाऊबाई हसत होत्या.

"वहिनी, ट्रक घेताय का स्थळ बघताय? एवढी चौकशी आम्ही तुमच्या वेळी नव्हती केली."

"तेव्हा केली असतीत तर आज तुमचे भाऊ जपानात नसते, भावजी."

मग ते गंभीर झाले. ओढायला ताकद लागत नाही, थांबायला लागते, म्हणाले. इंजिन बघू नका, ब्रेक बघा, वजन बघा. गाडी ओझ्यापेक्षा हलकी असली तर ओझं गाडीला चालवतं. डिझेलच घ्या, चढावर ते दम धरतं. आणि टाकी कधी अर्धी ठेवू नका. रिकाम्या जागेत वाफ धरते, पाणी होतं, पाणी गेलं की पंप गेला. निघताना फुल्ल, वाटेत मिळेल तिथे फुल्ल. त्यांच्या सगळ्या ड्रायव्हरांना हाच नियम. मी सगळं लिहून घेतलं.

त्यांचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. आजही नाही.

तिसरा पर्याय ठरला. ठरायला ऑक्टोबर उजाडला, कारण मी दोन शोरूम पाहिले, दोन्हीकडे ट्रेलरला बांधून चालवून दाखवा म्हणून हट्ट धरला आणि एकाने शेवटी धरूनही आणला एक बोटीचा ट्रेलर कुठूनतरी. मुलगी या काळात रोज विचारायची, झालं का? मी सांगायचे, होतंय. एकदा म्हणाली, कुठलीही घे ना आई. मी म्हटलं, कुठलीही घेतली आणि घाटात ब्रेक गेले तर?  

इथे गाडी नावावर व्हायच्या आधी ती ठेवायची जागा दाखवावी लागते. आमच्या इमारतीतली जागा पिकअपला हातभर कमी पडली. म्हाताऱ्यांनी अंगण दिलं. पोलीस ठाण्यातून माणूस येऊन टेप लावून गेला. म्हातारे ओसरीवरून त्याला सांगत होते, नीट मोज, या बाई उद्या तुझा टेप तपासतील.

जड ट्रेलर ओढायला इथे वेगळं लायसन लागतं. नवरा महिन्यातून एकदा गाडी चालवणार, तेव्हा ते मी काढायचं हे उघड होतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी एकटी बाई, बाकी सगळे ट्रकवाले होऊ पाहणारे तरुण. पुढे जाणं कुणालाही येतं. परीक्षा असते ती ट्रेलर मागे घेण्याची. उजवीकडे न्यायचा तर चाक डावीकडे फिरवायचं, आणि तो वळू लागला की लगेच उलट फिरवून त्याच्या मागे जायचं. उशीर झाला की गाडी आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटतात. पहिल्या दिवशी मी सगळे खांब पाडले. मास्तर शांतपणे म्हणाले, घाई नको, त्याला काय हवंय ते आधी बघा. नोव्हेंबरात मी पास झाले. डिसेंबरात गाडी आली. म्हाताऱ्यांच्या अंगणात मी तिला हळदकुंकू लावलं. म्हाताऱ्यांनी बोनेटवर तांदळाची दारू शिंपडली, म्हणजे दोन्ही बाजू झाल्या.

जानेवारीतला एक शनिवार-रविवार ठरवला. शनिवारी जायचं, लॉजवर राहायचं, रविवारी सकाळी घोडा चढवून दुपारपर्यंत घरी. बर्फाचा आणि गोठण्याचा विचार करून मी वेगळी यादी केली होती. बर्फाचे टायर, गाडीला आणि ट्रेलरलाही. साखळ्या. फावडं. काचेवर मारायचं न गोठणारं पाणी. जादा बॅटरी. घोड्याच्या पिण्याच्या पाण्यासाठी थर्मासची मोठी टाकी, कारण थंडीत घोडे गार पाणी पीत नाहीत आणि मग त्यांचं पोट बिघडतं, हे मुलीने सांगितलं होतं. मालकीणबाईंना मी फोन केला नाही. त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले. बारीकसारीक विचारून त्यांना त्रास कशाला, असं नवऱ्याचं आणि माझं मत पडलं.

निघताना टाकी भरली. घाट सुरू व्हायच्या आधीच्या शेवटच्या मोठ्या सर्व्हिस एरियात पुन्हा भरली, वर डोंगरात पंप मिळेल न मिळेल म्हणून. गाडी उत्तम चालली. रिकामा ट्रेलर मागे आहे हे कळतही नव्हतं. चढावर इंजिनाचा आवाज बदलला नाही. मला समाधान वाटलं, आणि ते मी नवऱ्याला बोलूनही दाखवलं. मागच्या सीटवर मुलगी नव्या दोरीला गाठी मारत बसली होती.

घोडा मला लहान वाटला. मी त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो भरलेला होता. आता पाठीचा कणा दिसत होता, डोळ्यांवर खळगे पडले होते. मुलगी आत गेली तसे त्याने कान पुढे केले आणि तिच्या काखेत तोंड खुपसलं. ती त्याच्याशी जपानीत काहीतरी बोलली. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या की गेला आठवडा तो नीट खात नव्हता, आज खाल्लं. आम्ही ट्रेलर तबेल्याच्या दाराशी लावून ठेवला. मी तो एकाच दमात मागे घेतला. सकाळी फक्त चढवायचं बाकी होतं.

उजाडता उजाडता मुलीने आमच्या खोलीचं दार वाजवलं. तिच्या जाकिटाला गवत चिकटलं होतं. "त्याच्या पोटात दुखतंय," एवढंच म्हणाली आणि पळत परत गेली.

आम्ही गेलो तेव्हा घोडा पुढच्या पायाने जमीन उकरत होता, वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघत होता. एवढ्या थंडीत त्याला घाम सुटला होता. मालकीणबाईंनी गावातल्या डॉक्टरांना फोन केला होता. ते तरुण होते, झोपेतून उठून आले होते. त्यांनी पोटाला कान लावला, नाकातून नळी घातली, इंजेक्शन दिलं, मग कोपरापर्यंत हात घालून तपासलं. उठून हात धुताना त्यांनी मुलीला सांगितलं की साधा पोटशूळ असता तर बरं झालं असतं. आतड्याला पीळ पडल्यासारखा वाटतो. उघडून सोडवणं हा एकच इलाज. तसं टेबल असलेला दवाखाना खाली सपाटीवर, दोन तासांच्या अंतरावर.

"त्याचं वय बघता मी आग्रह करणार नाही," ते म्हणाले. "पण न्यायचं असेल तर आत्ता."

"नेऊ," मुलगी म्हणाली.

मी गाडीत बसले. किल्ली फिरवली. इंजिनाने एक ठसका दिला, दोन क्षण चाललं आणि बसलं. पुन्हा फिरवली. स्टार्टर जोरात फिरत होता, बॅटरी ठणठणीत होती, पण इंजिन पकडत नव्हतं. नवरा म्हणाला, थोडं थांबून लाव. थांबून लावली. डॉक्टर बॅग बंद करत होते, ते आवाज ऐकून बाहेर आले. त्यांनी गाडीच्या नंबरप्लेटकडे पाहिलं. इथे प्लेटवर गावाचं नाव असतं.

"डिझेल कुठे भरलंत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. घरी, आणि घाटाखाली.

 ते म्हणाले की सपाटीवरचं डिझेल वेगळं असतं. रात्री इथे पारा जिथे उतरतो तिथे ते थिजतं, मेण धरतं. वर येणारे लोक टाकी जवळजवळ रिकामी घेऊन येतात आणि गावातल्या पंपावर इथलं थंडीचं डिझेल भरतात, मगच गाडी रात्री उभी करतात. तो पंप आम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी ओलांडला होता. मी मीटरकडे बघून पुढे गेले होते, कारण काटा वर होता.

खोबरेल तेलाची बाटली डिसेंबरात पुण्यातही थिजते. लहानपणी आम्ही ती उन्हात ठेवायचो, बंबाजवळ ठेवायचो. हे मला चाळीस-पंचेचाळीस वर्षं माहीत आहे. डिझेल हेही तेलच आहे, असा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. दिरांच्या गाड्या कधी जिथे पाणी गोठतं तिथे गेलेल्याच नाहीत. म्हाताऱ्यांचा ट्रॅक्टर खाचराच्या पलीकडे जात नाही. विक्रेत्याने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. मालकीणबाईंनी किटल्या चढवल्या. डॉक्टरांनी मला डिझेलचा फिल्टर कुठे असतो ते दाखवलं आणि ते घोड्याकडे परत गेले. मी गरम पाण्यात टॉवेल बुडवून, पिळून फिल्टरला गुंडाळत होते, तो गार झाला की दुसरा. नवरा टाकीखाली आडवा होऊन नळीवर कोमट पाणी ओतत होता. त्याची बाही गोठून पुठ्ठ्यासारखी झाली होती. रस्त्यावरच्या मदतीचा नंबर लावला, त्यांना वर यायला दोन तास लागणार होते. मालकीणबाईंनी गाडीला ट्रेलर ओढायचा हुक असलेल्या एका लाकूडवाल्याला फोन केला. तो पलीकडच्या डोंगरावर रस्त्यावरचा बर्फ काढत होता. संपवून लगेच निघतो म्हणाला, आणि तो खरंच निघाला, हे आम्हाला नंतर कळलं. घोडे न्यायला लॉजचा एक ट्रक होता. तो डिसेंबरात विकला होता.

अंगणात मुलगी घोड्याला फिरवत होती. आडवा पडून लोळू नये म्हणून चालतं ठेवायचं असतं. तो चार पावलं चालायचा, थांबायचा, गुडघे वाकवायचा. ती दोरी ओढून, खांदा लावून त्याला उभा ठेवायची. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मी किल्ली फिरवली की ती थांबायची, इंजिन बसलं की पुन्हा चालू लागायची. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही.

मग तो बसला आणि उठला नाही. एकदा पुढचे पाय रोवून उठायचा प्रयत्न केला आणि कुशीवर कोसळला. त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. डॉक्टरांनी त्याच्या मानेवर हात ठेवला, घड्याळाकडे पाहिलं. जपानात अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो. त्याला इंजेक्शन देऊन सोडवायचं का, हे डॉक्टरांनी आम्हाला विचारलं नाही, तिला विचारलं. तिने होकाराची मान हलवली. ती बर्फात मांडी घालून बसली आणि त्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं.

मी तेव्हा बोनेटखाली होते. माझ्या हातात गरम टॉवेल होता. मी तो फिल्टरला गुंडाळला, कारण तेवढंच माझ्या हातात होतं, आणि मागे वळून पाहिलं तेव्हा डॉक्टर उभे राहून हात जोडत होते.

ऊन अंगणात आल्यावर नवऱ्याने पुन्हा एकदा किल्ली फिरवली. मी त्याला सांगितलं नव्हतं. इंजिन लागलं, जरा खोकलं आणि मग सरळ चालू लागलं. "झाली सुरू," तो हळू म्हणाला आणि तसाच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. त्याने बंद करायला किल्लीला हात लावला. मी नको म्हटलं, कारण एक काम उरलं होतं. मेलेलं जनावर न्यायला परवानाधारकांची लॉरी येणार होती आणि तबेल्याच्या दारात आमचा ट्रेलर आडवा होता. तो मी काढला. अरुंद अंगण, एका बाजूला बर्फाचा ढीग, दुसऱ्या बाजूला घोड्यावर टाकलेली निळी ताडपत्री. मी ट्रेलर मागे घेऊन भिंतीला समांतर लावला. कुठेही घासला नाही.

आम्ही निघताना मुलगी आली नाही. लॉरी येईपर्यंत थांबते, उद्या ट्रेनने येते, म्हणाली. मालकीणबाई म्हणाल्या, राहू दे तिला. नवऱ्याने तिला समजावलं की डॉक्टरांनीच सांगितलंय, एवढ्या वयात ऑपरेशन पेलणं कठीणच होतं, दोन तासांची वाट वेगळीच. त्याने ते पुन्हा सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "तरी नेलं असतं."

मग तिने डॉक्टरांना कमरेतून वाकून नमस्कार केला, त्रास दिल्याबद्दल जपानीत म्हणतात ते म्हणाली. मालकीणबाईंना केला. आणि मग आमच्यासमोर येऊन आम्हालाही तसाच केला, तेच शब्द म्हणाली. इतक्या लांब आल्याबद्दल, इतकी खटपट केल्याबद्दल. परक्या माणसाला करतात तो नमस्कार. मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला तोवर ती सरळ झाली होती.

 परतीच्या वाटेवर पंप लागला तेव्हा नवऱ्याने विचारलं, भरायचं? मी म्हटलं, नको. दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळी स्टेशनवर तिला घ्यायला गेले. घरी आता तीच एक गाडी होती. मी स्टेशनसमोर उभी असताना तिचा मेसेज आला की ती बसने निघालीय.

म्हाताऱ्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते ओसरीवर बसले होते. आपल्याला हे माहीत असायला हवं होतं असं ते म्हणाले. पण त्यांना माहीत असण्याचं काही कारण नव्हतं, आणि मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी गोठ्यात भाताचा पेंढा गुडघाभर अंथरला होता. तो त्यांनी पुढे भोपळ्यांच्या वाफ्यावर घातला.

मुलीने मला बोल लावला नाही. ती वेळेवर जेवायची, कॉलेजला जायची, विचारलं तर उत्तर द्यायची, बहुतेक जपानीत. एकदाच, फेब्रुवारीत, मी तिच्या ताटात पोळी वाढत असताना ती आपणहून बोलली. आवाज चढवला नाही. "तू पुण्याला काकांना विचारलंस. शोरूमवाल्यांना विचारलंस. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना विचारलंस. वर जिथे जायचं होतं तिथे एकाही माणसाला विचारलं नाहीस."

मी म्हटलं, त्यांना त्रास नको म्हणून. ती म्हणाली, हो, माहीत आहे. पोळी तिने खाल्ली.

मी स्वतःला अनेकदा विचारून पाहिलंय. गाडीची निवड बरोबर होती. आज पुन्हा दीड टन ओढायचं असेल तर मी तीच घेईन. ब्रेक उत्तम होते, वजन पुरेसं होतं, चढावर ती दमली नाही. हे सगळं खरं आहे, आणि ते मी घरात कुणाला सांगू शकत नाही.

मार्चमध्ये मी ती विकायला काढली. आमच्यापैकी कुणालाच ती लागत नव्हती. बाजारहाटाला एवढी गाडी हास्यास्पद दिसते, आणि थोड्या थोड्या अंतरावर फिरवली की नव्या डिझेल गाडीचा धुराचा फिल्टर बुजतो. समुद्राकडचा एक माणूस बघायला आला. त्याला बोट ओढायची होती. पन्नाशीचा, माझ्यासारखाच वहीत लिहून आणलेले प्रश्न विचारणारा. मी सर्व्हिसचे कागद दाखवले, हुक दाखवला, खाली वाकून चासी दाखवली. मुलगी त्या वेळी म्हाताऱ्यांच्या अंगणातच होती, त्यांनी दिलेली मुळ्यांची जुडी घेऊन घरी निघालेली. त्या माणसाने शेवटचा प्रश्न विचारला, की गाडी इतकी नवी आहे, मग काढताय का? काही त्रास आहे का तिला?

मी डिझेलचं सांगायला तोंड उघडलं. ते सांगायलाच हवं होतं, तो हिवाळ्यात वर गेला असता तर. पण माझ्या आधी मुलगी बोलली, जपानीत, स्वच्छ आणि विनयाने.

"गाडीत काहीही दोष नाही," ती म्हणाली, आणि मुळे घेऊन खाचराच्या बांधावरून घराकडे गेली.

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला डिझेलचं सगळं समजावून सांगितलं. त्याने ते वहीत उतरवून घेतलं, आणि रविवारी येऊन गाडी घेऊन गेला.